पर्जन्याचे वाहन

पंचांगकर्त्यांनी पावसाळ्याच्या प्रत्येक नक्षत्राला एकेक वाहन नेमून दिलेले आहे, हे मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. मृगाला यंदा कोण, आर्द्रेला कोण, पुष्याला कोण, हा प्रश्न आमच्या लहानपणी पाडव्याच्या दिवशी घरोघर विचारला जात असे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला म्हणजे वडील मंडळी संतोष पावत. कोल्हा किंवा मेंढा निघाला की त्यांच्या कपाळी आठ्या चढत. या वाहनांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, आणि थट्टेला तेथे जागाही पुष्कळ आहे. आम्हांला मात्र त्यातील एक कल्पना नेहमीच आवडत आली. ती ही की, पाऊस काही आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला कोणाच्या तरी पाठीवर बसून यावे लागते, आणि तो कसा येईल हे बऱ्याच अंशी त्या पाठीवर अवलंबून असते.

अलीकडे पावसाची वार्ता देण्याचे काम नक्षत्रांकडून उपग्रहांकडे गेले आहे. पण वाहनाची गरज काही सुटली नाही. उपग्रह कितीही बुद्धिमान असला तरी त्याला वर नेऊन ठेवण्यास अग्निबाण लागतोच. अशाच एका उपग्रहाची आणि त्याच्या वाहनाची हकीगत आज आम्ही सांगणार आहोत. उपग्रहाचे नाव 'जेपीएसएस-१'. वर गेल्यावर त्याचे बारसे होऊन 'नोआ-२०' हे नाव पडले. वाहनाचे नाव 'डेल्टा-२'. प्रक्षेपणाचा दिवस १८ नोव्हेंबर २०१७, स्थळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग. उपग्रह कोरा करकरीत, आणि वाहन असे की, त्या जातीची आणखी एकच फेरी व्हावयाची होती. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. अग्निबाणांशी आमचा संबंध वाचनापुरताच. तरीही ही हकीगत आमच्या मनात घर करून राहिली. त्याचे एक कारण असे की, आम्हांलाही आता अठ्ठावन्न संपून सेवानिवृत्तीस दोनच वर्षे उरली आहेत, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राण्यांविषयी आमच्या मनात साहजिकच आपुलकी उत्पन्न झाली आहे.

डेल्टाचे कुळ पाहू लागले तर ते मोठे उग्र निघते. त्याचा मूळपुरुष 'थॉर' हा अण्वस्त्र वाहून नेणारा बाण होता. १९५९ ते १९६३ या काळात असे साठ बाण इंग्लंडच्या भूमीवर रशियाच्या रोखाने सज्ज ठेवलेले होते. थॉर ही उत्तर युरोपातील प्राचीन लोकांची मेघगर्जनेची देवता. इंग्रजी गुरुवाराचे नाव तिच्यावरूनच पडले. आपल्याकडे वज्र आणि पर्जन्य ही दोन्ही खाती एका इंद्राच्याच हाती आहेत. तिकडेही पुढे तसेच झाले, ही गोष्ट मौजेची खरी. ज्या बाणाच्या टोकावर संहार बसवावयाचा, त्याच बाणाच्या टोकावर दुसरा एक टप्पा चढवून शास्त्रज्ञांनी मेघांची छायाचित्रे घेणारे यंत्र आकाशात धाडले. पहिला हवामान उपग्रह 'टायरॉस-१' हा १ एप्रिल १९६० रोजी थॉरच्याच पाठीवर बसून गेला आणि ७८ दिवस काम करून थांबला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला 'टायरॉस-२' गेला, तो थॉरवर 'डेल्टा' नावाचा टप्पा चढवून सिद्ध केलेल्या वाहनातून. डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतील चौथे अक्षर. त्यापलीकडे नावात काही काव्य नाही.

या डेल्टाची नेमणूक मुळात तात्पुरती होती. अधिक चांगले वाहन तयार होईपर्यंत काम भागावे म्हणून अवघी बारा वाहने मागवली होती, आणि त्यांतले पहिलेच, मे १९६० मध्ये, अयशस्वी झाले! पुढची अकरा मात्र बिनबोभाट गेली. तात्पुरत्या नेमणुकीवर लागून तिसाव्या वर्षीही 'तात्पुरते'च म्हणवून घेणारे गृहस्थ शिक्षणखात्यात आम्ही पाहिलेले आहेत. संस्थेचा खरा भार बहुधा त्यांच्याच खांद्यावर असतो. डेल्टाचे तसेच झाले. त्याची उंची वाढली, बळ वाढले, कमरेभोवती घन इंधनाचे जोडबाण आले. पण मूळ हाड तेच राहिले.

यापूर्वी एकदा त्याला निवृत्त करूनही झाले होते. आता सर्व उपग्रह 'स्पेस शटल' या पुन्हापुन्हा वापरावयाच्या यानातूनच न्यावयाचे, असे ठरून १९८०-९० च्या दशकात डेल्टाचा कारखाना जवळजवळ बंद पडला. मग २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' शटल सात माणसांसह नष्ट झाले, आणि घरी बसवलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा बोलावणे गेले. तो परत आला तो 'डेल्टा-२' होऊन. १४ फेब्रुवारी १९८९ ला त्याने पहिली फेरी केली. आज आपल्या खिशातला दूरध्वनी आपणांस रस्ता दाखवतो. तो ज्या उपग्रहांच्या आधारे दाखवतो त्यांपैकी पुष्कळ याच वाहनाने वर नेलेले आहेत. मंगळावर उतरलेल्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या दोन गाड्याही २००३ मध्ये यानेच मार्गाला लावल्या. त्याच्या चारित्र्यावर मोठा डाग म्हणावा असा एकच: १७ जानेवारी १९९७ रोजी उड्डाणानंतर अवघ्या तेरा सेकंदांत तो फुटला आणि जळते तुकडे तळावर कोसळले. त्यानंतर मात्र एकही फेरी फसली नाही.

अशा कर्तबगार वाहनाला निवृत्त का करावे? कारण व्यवहाराचे आहे. मार्गदर्शक उपग्रह हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. ते २००९ नंतर अधिक बलवान अग्निबाणांकडे गेले. वर्षातून एखाददुसऱ्या फेरीसाठी संबंध तळ, कारखाना आणि माणसे राखून ठेवणे कोणास परवडणार? शेवटी पाच वाहनांचे सामान तेवढे शिल्लक राहिले. २०१२ मध्ये नासाने त्यांपैकी तीन घेतली, पुढे आणखी एक घेतले. आणि या तीनांतले एक आमच्या उपग्रहाच्या वाट्याला आले.

आता उपग्रहाकडे वळू. हवामानाचे उपग्रह दोन प्रकारचे असतात. आपल्या इन्सॅटसारखे काही सुमारे ३६,००० किलोमीटरवर पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे एका जागी खिळल्यासारखे दिसतात. ते ढगांची हालचाल अखंड पाहतात; परंतु फार दुरून. दुसरे ध्रुवांवरून जाणारे. 'जेपीएसएस-१' या दुसऱ्या वर्गातला. तो ८२४ किलोमीटरवरून दिवसाला चौदा प्रदक्षिणा घालतो, पृथ्वी त्याच्याखाली फिरत राहते, आणि दोन वेळा सारी पृथ्वी त्याच्या नजरेखालून जाते. त्याच्यावर पाच उपकरणे आहेत. त्यांतले एक सूक्ष्मलहरींच्या योगे ढगांच्या आतील उष्णता व ओल थराथराने मोजते. दुसरे हेच काम अवरक्त किरणांनी अधिक बारकाईने करते. तिसरे चित्रे घेते, आणि तीही अशी की, चांदण्याच्या उजेडातही ढग दिसावेत. चौथे ओझोनवर लक्ष ठेवते. पाचवे पृथ्वी किती उष्णता घेते व किती परत देते याचा जमाखर्च मांडते. चार दिवसांनंतरचे हवामान गणिताने काढावयाचे तर आज हवा वरपासून खालपर्यंत कशी आहे हे ठाऊक हवे. समुद्रावर वेधशाळा बांधता येत नाहीत. तेथील हवेची नाडी पाहण्यास हेच वैद्य उपयोगी पडतात.

या वैद्यांच्या घराण्यातच त्या वेळी मोठी चिंता पसरलेली होती. दुपारी दीडच्या सुमारास विषुववृत्त ओलांडणाऱ्या मार्गावर अमेरिकेचा मुख्य उपग्रह होता 'सुओमी एनपीपी'. तोही डेल्टा-२ वरूनच २८ ऑक्टोबर २०११ ला गेलेला. उपग्रह-हवामानशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या व्हर्नर सुओमी यांचे नाव त्याला दिलेले. पण मुळात तो केवळ पूर्वतयारीचा उपग्रह होता. नवी उपकरणे नीट चालतात की नाही हे पाहावयाचे, एवढेच त्याचे काम. ज्या मोठ्या योजनेची ती पूर्वतयारी, तीच २०१० मध्ये मोडीत निघाली, आणि उमेदवाराला थेट मुख्याच्या खुर्चीवर बसावे लागले. त्याचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये सरली; वारस अजून जमिनीवरच होता. हा मध्येच बंद पडला तर वेधांत खंड पडेल, हे भय इतके खरे होते की, अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी २०१३ मध्येच राष्ट्रापुढील मोठ्या जोखमींच्या यादीत ते घातले होते. अशा वेळी नव्या उपग्रहाचे प्रक्षेपण फसणे म्हणजे वर्षानुवर्षांचा अंधार. म्हाताऱ्या वाहनाची पाठ किती भरवशाची, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या कौतुकाचा नव्हता.

प्रक्षेपणाचा क्षण सारे जग पाहते. आमचे मन त्याआधीच्या तयारीत अधिक रमते. कोलोरॅडोतील बोल्डर या गावी हा उपग्रह घडला. त्याचे वजन सुमारे २,३०० किलो. घडवून झाल्यावर त्याची परीक्षा सुरू झाली, आणि ती विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा पुष्कळच कडक. निर्वात कोठडीत त्याला आळीपाळीने तापवावयाचे व गोठवावयाचे. अग्निबाणाचे हादरे व गर्जना जमिनीवरच निर्माण करून त्यास त्या सोसावयास लावावयाचे. आणि दर वेळी प्रत्येक उपकरणाला विचारावयाचे, 'बाबा, तू ठीक आहेस ना?' आमच्याकडे नापास झालेला विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसतो. याला पुनर्परीक्षा नाही. एकदा वर गेला की सैल राहिलेला एक स्क्रू आवळण्यासही कोणी जाणार नाही.

सप्टेंबर २०१७ च्या आरंभी तो व्हॅन्डेनबर्गला पोहोचला. तेथे त्याला ज्या दालनात ठेवले तेथील सोवळे आमच्या आजीलाही मान खाली घालावयास लावील असे. माणसे नखशिखांत पांढऱ्या वेषात. केसाचा, कातडीचा कण पडता कामा नये, कारण दुर्बिणीच्या भिंगावर बसलेला धुळीचा थर पुढे वर्षानुवर्षे मेघांच्या चित्रात राहील. त्याच्या टाकीत हायड्राझिन नावाचे जहाल विषारी इंधन भरावयाचे, ते काम बंदिस्त पोशाख चढवून मोजक्याच माणसांनी करावयाचे. मग त्याला तळावर नेऊन मनोऱ्यात वर चढवावयाचे, दुसऱ्या टप्प्याच्या माथ्यावर बसवावयाचे, उपकरणांवरील झाकणे एकेक मोजून काढावयाची आणि वर शिरस्त्राण मिटवावयाचे. ते मिटले की माणसाच्या डोळ्यांना तो पुन्हा दिसत नाही. वधूला पालखीत बसवून पडदा सोडावा, तसा तो क्षण आम्हांस वाटतो; फरक इतकाच की ही वधू माहेरी परत येत नाही.

इकडे वाहनाचीही तयारी चाललेलीच होती. तळाशी केरोसीन व द्रवरूप प्राणवायू यांवर चालणारे एंजिन, भोवती नऊ जोडबाण. त्यांतले सहा जमिनीवर पेटावयाचे, उरलेले तीन हवेत. केरोसीन अगोदर भरून ठेवता येते. प्राणवायू शून्याखाली १८३ अंश थंड, म्हणून तो अगदी शेवटच्या तासांत भरावयाचा. हे सारे ज्यांनी केले त्यांपैकी पुष्कळांची हयात या एकाच वाहनाच्या सेवेत गेलेली होती. त्यांना हेही ठाऊक होते की, यानंतर आणखी एक फेरी, आणि मग या तळावर डेल्टा-२ उभा राहणार नाही. निरोप समारंभ ठरलेला असताना प्रत्येक बोल्ट पहिल्या दिवसाइतक्याच आस्थेने आवळावयाचा, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. आमच्या पेशात तरी शेवटच्या वर्षी जुन्याच टिपणांवर तास काढण्याचा मोह फार होतो.

उड्डाण १० नोव्हेंबरला ठरले होते. अग्निबाणातील एक विद्युत्घट सदोष निघाला. तो बदलण्यात चार दिवस गेले. सूर्याच्या वेळेशी जुळलेला मार्ग गाठावयाचा म्हणून रोज एका मिनिटाहून किंचित अधिक इतकीच सवड मिळे. हुकली की दुसरा दिवस. १४ तारखेला अखेरच्या घटकेला धोक्याची सूचना लागली, समुद्रातील निषिद्ध भागात काही नावा भटकत आलेल्या, आणि तो उलगडा होईपर्यंत मुहूर्त टळला. १५ तारखेला तर वरच्या थरातील वारा इतका जोराचा होता की उड्डाण रद्द करावे लागले. वाचकांनी यातील विनोद ध्यानात घ्यावा. ज्या दर्यावर्दी माणसांच्या रक्षणासाठी हा उपग्रह, त्यांच्याच नावांनी त्याची वाट अडवली. आणि जो वाऱ्याची बातमी द्यावयास निघाला, त्याला वाऱ्यानेच दारात थोपवले. पण 'आता पुरे झाले, उडवून द्या' असे कोणी म्हटले नाही. साठ सेकंदांच्या सवडीसाठी तीन दिवस थांबण्याची तयारी, यालाच आम्ही शास्त्राची शिस्त म्हणतो.

१८ तारखेला तेथील पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे दुपारचे सव्वातीन वाजून गेले असता, डेल्टा-२ ने आपली १५४ वी फेरी सुरू केली आणि तासाभराच्या आत ओझे बिनचूक जागी पोहोचते केले. जाताना मोठ्या पाहुण्याबरोबर पाच चिमुकले उपग्रहही त्याने नेले. त्यांतले बहुतेक विद्यापीठांतून घडलेले. १५ सप्टेंबर २०१८ ला बर्फाची उंची मोजणारा 'आइससॅट-२' वर नेऊन त्याने १५५ वी व शेवटची फेरी पुरी केली. १९९७ च्या त्या अपघातानंतरचे हे ओळीने शंभरावे यश. पाचव्या वाहनाला मात्र गिऱ्हाईक मिळाले नाही. ते आता फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राच्या उद्यानात प्रेक्षकांसाठी उभे आहे.

आता कोणी म्हणेल, या परदेशच्या कहाणीत तुमचे काय अडकले आहे? तर ऐकावे. आमच्या मावशींचे घर श्रीवर्धनच्या बाजूस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. भोवती सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर चढून आले. आदल्या दिवशी सायंकाळी गावातील माणसांनी मावशींना जवळजवळ उचलूनच शाळेच्या पक्क्या इमारतीत नेले होते, कारण वादळ कोठे व केव्हा येणार हे हवामानखात्याने अगोदर सांगितले होते. दुसरे दिवशी घराचे छप्पर गेले, आणि तीन पिढ्यांची वाडी काही तासांत आडवी झाली. कित्येक दिवसांनी दूरध्वनी लागला तेव्हा ऐंशी उलटलेल्या मावशी म्हणाल्या, "वाडी गेली रे, पण माणसं आहेत. रोपं सांगून ठेवली आहेत." सुपारीला फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, हे त्यांना कोणी सांगावयाचे!

मावशींना त्या एका उपग्रहाने वाचवले, असे आम्ही म्हणणार नाही. तो भाकिताच्या मोठ्या कारखान्यातील एक हात. आपले इन्सॅट, आपल्या वेधशाळा, पुण्याच्या जुन्या 'सिमला ऑफिसा'तून चालत आलेली नोंदींची परंपरा, आणि त्या संध्याकाळी दारोदार फिरलेली गावची पोरे, या सर्वांचा त्यात वाटा. पण अरबी समुद्रावरील हवेची नाडी पाहणाऱ्यांत ध्रुवमार्गी उपग्रह होते, आणि त्यांची मापे देशोदेशींच्या गणितांत पोहोचत होती. ती मापे ज्या दिवशी थांबतील त्या दिवशी आकाशात काही दिसणार नाही. फक्त एखाद्या गावातील मावशींना शाळेत नेण्याची सूचना एक दिवस उशिरा येईल. खंड म्हणतात तो असा असतो. तो पडताना आवाज होत नाही.

म्हणूनच या हकीगतीतील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट उड्डाण ही नव्हे. जुन्याने नव्याला जागेवर पोहोचते केले आणि मग तो बाजूला झाला, ही होय. पाच वर्षांसाठी नेमलेला 'सुओमी' वारस येईपर्यंत टिकून राहिला. वारस आल्यावर काही काळ दोघे अर्ध्या प्रदक्षिणेच्या, म्हणजे सुमारे पन्नास मिनिटांच्या, अंतराने एकाच वाटेवर चालले, आणि नव्याची मापे जुन्याच्या मापांशी ताडून घेतली गेली. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे गेल्या काही वर्षांत आमच्या विभागातील तीन सहकारी निवृत्त झाले. हार घालण्यात आले, शाली पांघरल्या, भाषणे झाली. त्यांच्या खुर्च्या मात्र अजून रिकाम्या आहेत. चाळीस वर्षांचे अध्यापन कोणाच्या हाती न सोपवता घरी निघून गेले. निवृत्तीचे दुःख आम्हांस नाही. वय कोणाला चुकले आहे? पण आमच्या मागून येणाऱ्या तरुणाबरोबर एक वर्ष त्याच वर्गांतून चालावे, त्याची मापे आमच्या मापांशी ताडून पाहावी, कोठे आमचीच चुकत असतील तर ती त्याने सांगावी, आणि मग निघावे, अशी इच्छा मात्र आहे. ती पुरी होईल किंवा न होईल. तोवर निदान तासाला नवी टिपणे काढून जाणे आमच्या हाती आहे, आणि तेवढे आम्ही करतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावयाची राहिली. 'नोआ-२०' चे धाकटे भावंड 'नोआ-२१' हे १० नोव्हेंबर २०२२ ला त्याच व्हॅन्डेनबर्गहून निघाले. त्याचे वाहन 'ॲटलास-५'. आणि त्या तळावरून त्या जातीच्या वाहनाची तीच शेवटची फेरी होती! पावसाच्या बातमीदारांना निवृत्तीस आलेलीच वाहने लाभावीत, असा काही योग त्यांच्या पत्रिकेत असल्यास न कळे. पंचांगात हत्ती, म्हैस, बेडूक यांच्या शेजारी एक म्हातारे वाहनही शुभ म्हणून लिहून ठेवण्यास आमची हरकत नाही. अट एवढीच की, शेवटच्या फेरीलाही त्याचा प्रत्येक बोल्ट तपासलेला असावा.